तेरा-चौदामधली तार

'चालू करून देणारा मिस्त्री' ही किनवटमधली माझी ओळख, आणि तिचा मला अभिमान होता. कुणाची विहिरीवरची मोटार, कुणाची पिठाची गिरणी, कुणाच्या जिनिंगचा पॅनल बंद पडला की फोन यायचा. फोन करणाऱ्याला एकच हवं असायचं, लवकर चालू झालं पाहिजे. मीही स्वतःला त्याच मापाने मोजायचो. कारण शोधत बसतो तो कच्चा मिस्त्री, आणि आला तसा चालू करून निघतो तो पक्का, अशी माझी समजूत होती. काम थांबवणारी प्रत्येक गोष्ट आपल्या विरोधात आहे, हे त्या समजुतीतच धरलेलं होतं. प्रिव्हेंटर, ओव्हरलोड रिले, ट्रिप होणारा एमसीबी, हूटर, लाल दिवा, सगळे त्यात आले. कंपनीवाले हे पार्ट स्वतःच्या अंगावर काही येऊ नये म्हणून लावतात, राबणाऱ्याला त्यांचा नुसता ताप, असं मी चारचौघांत बोलायचो. हाताखालच्या पोरांनाही तेच शिकवलं.

ही समजूत उगाच झाली नव्हती. आमचा तालुका पैनगंगेच्या काठचा, जंगलाला लागलेला, तेलंगणाच्या सीमेवरचा. व्होल्टेज कमी-जास्त होणं इथं रोजचं. शेतीला थ्री फेज ठराविक तासच मिळते, कधी दिवसा, कधी रात्री. हरभऱ्याला पाणी द्यायला माणूस रात्री बॅटरी घेऊन शेतात जातो, तीनपैकी एक फेज गेलेला असतो, आणि सिंगल फेज प्रिव्हेंटर मोटार सुरूच होऊ देत नाही. त्या माणसाला प्रिव्हेंटरचा राग येणारच. तो मला म्हणायचा, "मिस्त्री, ते डबडं काढून टाका." मी काढून टाकायचो. शिवाय लाईट आली की मोटार आपोआप सुरू व्हावी म्हणून ऑटो बसवून द्यायचो. एक फेज गेल्यावर उरलेल्या दोन फेजमधून मोटार पावणेदोनपटीच्या आसपास करंट ओढते आणि तिचं वाइंडिंग भाजतं, हे मला आयटीआयपासून माहीत होतं. लाईट येताच सगळ्या ऑटोच्या मोटारी एकदम उठतात, डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, ताण येतो, म्हणून ऑटो काढा असं महावितरण वर्षानुवर्षं सांगतंय, हेही माहीत होतं.

आणि एक गोष्ट आजवर मी कुणाला बोललो नाही. ज्या मोटारी मी प्रिव्हेंटर काढून चालू करून दिल्या, त्यांतल्या कित्येक जळून माझ्याच दुकानात वाइंडिंग भरायला आल्या. चालू करायचे पैसे मी घेतले होते, भरायचेही मीच घेतले. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही. शेतकऱ्याला वाटायचं मोटारीचं नशीब वाईट, आणि मी त्याला तसं वाटू द्यायचो.

समजुतीला तडा गेला तो मात्र जिनिंगमध्ये.

दिवाळीनंतर कापूस सुरू झाला की इथल्या जिनिंगला उसंत नसते. बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग, काट्यावर गर्दी, आत रेचे चालू, सरकी एकीकडे आणि रुई एकीकडे. रुई प्रेसमध्ये जाते आणि १७० किलोची गाठ बांधून बाहेर पडते. प्रेस थांबली की मागचं सगळं तुंबतं. अशाच एका जिनिंगमधला प्रेसचा पॅनल मी सांभाळायचो. त्यात २४ व्होल्ट डीसीचा एक पॉवर सप्लाय होता, ५ अँपियरचा, तळहातापेक्षा थोडा मोठा, पट्टीवर चढवलेला. प्रेस चालवणारा पीएलसी, सेन्सर, रिले, सगळं त्याच्यावर. त्याला 'डीसी ओके' म्हणून एक हिरवा दिवा आणि १३ व १४ नंबरचे दोन टर्मिनल. व्होल्टेज ठीक असेल तोवर आतला रिले या दोन टर्मिनलांना जोडून ठेवतो. व्होल्टेज पडलं की सोडतो. सोडलं की हूटर वाजायचा आणि प्रेसचा हायड्रोलिक पंप थांबायचा.

त्या हंगामात हूटर सारखा वाजू लागला. क्षणभर वाजायचा, प्रेस थांबायची, परत चालू केली की चालायची. फोरमन मला म्हणाला, "मिस्त्री, प्रेस वर गेली की वाजायलाय बघा. खाली असली की गप." एवढ्या एका वाक्यात त्याने मला दोष कुठे आहे ते सांगितलं होतं. मी हो म्हणालो आणि पॅनलचं दार उघडलं. शेठ मागे येऊन उभे राहिले. गाड्या खोळंबल्यात, आज काही करून प्रेस थांबता कामा नये, म्हणाले. मी खिशातून लाल तारेचा तुकडा काढला, टोकं सोलली आणि १३ नंबरमधून १४ नंबरमध्ये टाकली. आता व्होल्टेज असो की नसो, हूटर वाजणार नव्हता.

तरी प्रेस थांबतच होती, कारण व्होल्टेज खरोखरच पडत होतं आणि पीएलसी रिसेट होत होता. मग मी पुढची पायरी चढलो. सप्लाय कमजोर झालाय, असं मी ठरवलं. तो भंगारात टाकायला काढला आणि त्याच्या जागी २० अँपियरचा बसवला. प्रेस सुरळीत चालू लागली. हूटर गप, दिवा हिरवा, शेठ खूश. फोरमनने चहा मागवला. मी तिथेच बसून तो प्यायलो, आणि मनात समाधान होतं.

रुई गोळा करणाऱ्या बायांपैकी एक जण माझ्याकडे आली. "भाऊ, प्लास्टिक जळल्यावानी वास यायलाय तिकडं."

मी म्हणालो, "नवीन सप्लाय आहे मावशी, सुरुवातीला येतो वास. जा, काम करा."

ते खरं नव्हतं. नव्या सप्लायचा वास आला असता तर पॅनलपाशी आला असता. ती बाई पॅनलपासून लांब, प्रेसच्या पलीकडे, रुईच्या ढिगाजवळ काम करत होती. पॅनलपाशी उभ्या असलेल्या मला कसलाच वास येत नव्हता. एवढा साधा विचार माझ्या डोक्यात आला नाही, कारण मला तो येऊ द्यायचा नव्हता. आधी यंत्राने सांगितलं, मग फोरमनने, मग तिने. तिघांचंही मी ऐकलं नाही, आणि तिन्ही वेळा कारण एकच होतं, काम थांबू नये.

थोड्या वेळाने केबलच्या ट्रेमधून धुराची बारीक रेघ निघाली. मेन बंद केला. ट्रेचं झाकण काढलं तर आत हंगामभर साचलेली रुईची धूळ, आणि तिच्यात एका केबलचं वितळून काळं झालेलं आवरण. भोवतालची रुई तपकिरी होऊन धुमसत होती. रुईला ज्वाळा दिसतेच असं नाही. ती आतल्या आत धुमसते आणि मग एकदम भडकते. माणसांनी ट्रेमधली आणि आजूबाजूची रुई ओढून बाहेर अंगणात नेली, पसरली, पाणी मारलं. संध्याकाळपर्यंत कुणीतरी तिच्यावर नजर ठेवून होतं. कुणाला इजा झाली नाही. शॉर्ट सर्किट झालं असं सगळे म्हणाले, आणि मीही मान डोलावली. लाल तारेबद्दल त्या दिवशी मी शेठना काही सांगितलं नाही.

ती केबल एका जुन्या सेन्सरची होती. सेन्सर केव्हाच बदललेला, नवीन केबल टाकलेली, पण जुनीचा पुरवठा कुणी काढलाच नव्हता. प्रेसच्या हलत्या भागाला घासून घासून तिच्या दोन्ही तारांवरचं आवरण गेलं होतं. प्रेस वर गेली की दोन्ही तारा एकमेकींना टेकायच्या. फोरमन सांगत होता ते हेच.

त्या रात्री दुकानात मी भंगारातला तो ५ अँपियरचा सप्लाय टेबलावर घेतला. तो खराब निघावा, अशी माझी मनापासून इच्छा होती. तो खराब असता तर माझी अर्धी चूक तरी पुसली गेली असती. त्याला ट्रकच्या इंडिकेटरचा २४ व्होल्टचा बल्ब जोडला. बल्ब लागला. मीटर बरोबर २४ दाखवत होता. मग बल्बच्या दोन्ही तारा पकडीने एकत्र दाबल्या. बल्ब विझला, हिरवा दिवा विझला. क्षणभर शांतता. मग आतून बारीकशी टिक, हिरवा दिवा लुकलुकला आणि परत विझला. पुन्हा थोडं थांबून टिक, पुन्हा अंधार. मी पकड सोडली. पुढच्या टिकला दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. बल्ब पेटला. मीटरवर पुन्हा २४.

हे मी किती वेळ करत बसलो ते सांगता येणार नाही. त्या सप्लायला काहीही झालेलं नव्हतं. शॉर्ट दिसला की तो हात आखडता घेत होता, थोडा थांबून अगदी थोडा वेळ पुरवठा देऊन दोष गेला का ते बघत होता, गेला नसेल तर परत थांबत होता. जिनिंगमध्ये तो नेमकं हेच करत होता. पॅनलमध्ये जे काही जोडलेलं होतं, त्यांत नीट वागणारा तोच होता, आणि मी त्यालाच खराब ठरवून बाहेर काढलं होतं.

मग मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. तो इथेही मांडतो, कारण माझं मत वाकलं ते धुरापेक्षा या हिशेबाने. जळालेली केबल अर्ध्या स्क्वेअर एमएमची होती. पॅनलपासून घासलेल्या जागेपर्यंत सुमारे २० मीटर, म्हणजे जाऊन-येऊन ४० मीटर तांबं. एवढ्या तारेचा रोध दीड ओहमच्या आसपास भरतो. २४ भागिले दीड, म्हणजे १६ अँपियर. टोकाला तारा पूर्ण टेकल्या तरी केबलचा स्वतःचा रोध करंटला १६ च्या पुढे जाऊ देत नाही. आता ५ अँपियरच्या सप्लायला हे १६ लगेच कळतात आणि तो थांबतो. पण २० अँपियरच्या सप्लायच्या लेखी १६ म्हणजे नेहमीचा लोड. तो कशाला थांबेल? तो इमानाने पुरवठा देत राहतो, आणि तिकडे त्या बारीक केबलमध्ये पावणेचारशे वॅटच्या आसपास उष्णता तयार होत राहते, रुईच्या धुळीत, झाकणाखाली. मला वाटलं होतं मी सप्लायची ताकद वाढवली. मी त्याची पारख काढून टाकली होती.

लाल तारेबद्दल मला पश्चात्ताप झाला असता तरी तो वरवरचाच झाला असता. जंपर टाकणं चूक, हे मनात कुठंतरी माहीत असतंच. पण मोठा सप्लाय बसवणं मला चांगलं काम वाटलं होतं. महागाचा, दणकट पार्ट टाकला म्हणून मी शेठपुढे छाती काढली होती. माझी चूक ही माझ्या कामचुकारपणातून आली नव्हती, ज्याला मी कसब समजत होतो त्यातूनच आली होती. ते कबूल करायला मला फार जड गेलं, अजूनही जातं.

त्यानंतर मी त्या सप्लायच्या बाजूची बारीक अक्षरं पहिल्यांदा नीट वाचली. जादा करंट झाला तर थांबणं. आत बिघाड होऊन व्होल्टेज वर चढू लागलं तर बंद होणं, म्हणजे पुढचा पीएलसी वाचतो. असा बंद झालेला सप्लाय बहुधा आपोआप परत येत नाही, मेन काढून पुन्हा द्यावा लागतो, म्हणजे माणसाला तिथं येऊन बघावंच लागतं. फार तापला तर विश्रांती घेणं. आणि या सगळ्याची खबर १३ व १४ मधून बाहेर देणं. वीज द्यायची एवढंच पॉवर सप्लायचं काम, असं मी आयुष्यभर धरून चाललो होतो. कधी देऊ नये हे ओळखणं हे त्याचं दुसरं काम, आणि ते करताना दिसला की मी त्याला खराब म्हणायचो. शेतात जागल्याने रात्री हाळी दिली तर आपण उठून डुकरं बघतो, जागल्याला हाकलत नाही.

पुढे रेल्वेच्या सिग्नल खात्यातल्या ओळखीच्या एकाने मला स्टेशनवरच्या सिग्नलांच्या वीजपुरवठ्याबद्दल सांगितलं. मुदखेड-आदिलाबाद मार्गावरून मी लहानपणापासून जातोय, पण हे कधी कानावर आलं नव्हतं. लाईट गेली की सिग्नल बॅटरीवर चालतात. बॅटरी ५० टक्के उतरली की स्टेशन मास्तरच्या खोलीतला पॅनल जनरेटर चालू करा म्हणून सांगतो. ६० टक्क्यांना निकराचा इशारा देतो. तरीही कुणी हललं नाही आणि बॅटरी ७० टक्के उतरली, तर सिग्नलचा पुरवठा पॉवर सप्लाय स्वतःच तोडतो. सिग्नल विझतात. आणि विझलेला सिग्नल दिसला की तो सर्वांत कडक इशारा देतोय असं धरूनच गाडी चालवायची, असा रेल्वेचा नियम आहे. म्हणजे थांबायच्या सिग्नलला गाडी थांबणार. गाड्या खोळंबतात, लोक वैतागतात, आणि तरीही ज्यांनी हे ठरवलं त्यांनी समजून-उमजून ठरवलंय. आधी दोनदा हाक मारायची, मग थांबायचं. मी १३-१४ मध्ये लाल तार टाकली तेव्हा हाका काढून टाकल्या होत्या, मोठा सप्लाय बसवला तेव्हा थांबणंही.

थोडं थांबायला नकार दिला की पुढे किती मोठं थांबावं लागतं, ते देशाने ३० आणि ३१ जुलै २०१२ ला पाहिलंय. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारताचं ग्रीड एकत्र कोसळलं, साठ कोटींहून जास्त लोकांचा भाग अंधारात गेला. आपलं पश्चिमेचं ग्रीड वाचलं. फ्रिक्वेन्सी घसरू लागली की काही भागांची वीज आपोआप तोडून बाकीचं वाचवणारे रिले असतात. त्यांच्याकडून हवा तेवढा लोड कमी झालाच नाही, असं चौकशीत पुढे आलं. हे वाचलं तेव्हा मला विहिरीवरचा तो प्रिव्हेंटर आठवला. मापं वेगळी, वृत्ती तीच.

माझ्या जुन्या मताची एक बाजू मी अजूनही सोडलेली नाही. खोट्या हाका असतात. आमच्या भागात व्होल्टेज असं हेलकावतं, की हूटर कशालाही वाजतो, आणि सारखा वाजणारा हूटर माणसाला बहिरा करतो. २० एप्रिल २०१० ला मेक्सिकोच्या आखातात 'डीपवॉटर होरायझन' या तेलविहीर खोदणाऱ्या तरंगत्या रिगवर स्फोट होऊन अकरा कामगार गेले. खोट्या अलार्मने रात्री माणसांची झोपमोड होऊ नये म्हणून तिथला मुख्य अलार्म आपोआप वाजणार नाही असा करून ठेवला होता, अशी साक्ष चौकशीत तिथल्याच एका तंत्रज्ञाने दिली. ते लोक निष्काळजी होते असं मी म्हणणार नाही. ते थकलेले असतील. मीही थकलेला असतो. पण खोटी हाक येत असेल तर ती का येते ते शोधून दुरुस्त करणं हेच मिस्त्रीचं काम आहे. आवाज बंद करायला मिस्त्री लागत नाही.

आता मी पॅनलच्या दाराला आतून एक वही टांगतो. केव्हा वाजलं, कोणता दिवा लागला, त्या वेळी यंत्र काय करत होतं, एवढंच फोरमनने लिहायचं. प्रत्येक फाट्याला तारेच्या जाडीप्रमाणे वेगळा फ्यूज घालतो, म्हणजे सप्लाय कितीही मोठा असला तरी बारीक तारेचा दोष तिथल्या तिथेच तुटतो. वापरात नसलेली केबल दोन्ही टोकांनी सोडवतो. काही गिऱ्हाइकं गेली. हा आता लई वेळ लावतो, असं म्हणतात. ते खरं आहे.

त्या बाईला मी नंतर जाऊन भेटलो. "मावशी, त्या दिवशी मी तुमचं ऐकलं नाही, चुकलं माझं," म्हणालो. ती म्हणाली, "आमी तिथंच बसतो ना भाऊ, मग आमालाच आधी कळणार." तिने सहज म्हटलं, पण मला तेव्हा पहिल्यांदा कळलं की थांबायचं की नाही हे मी आणि शेठ ठरवत होतो, दाराजवळ उभं राहून. रुईच्या ढिगाशी रोजावर बसणाऱ्यांना त्या लाल तारेबद्दल कुणी विचारलं नव्हतं. शेठनाही मी मग सगळं सांगितलं. त्या दिवशी सांगायला हवं होतं.

धूर निघाला नसता तर माझं मत बदललं असतं का, हे मी स्वतःला अनेकदा विचारलंय. नसतं बदललं. आजही एखादा शेठ मागे येऊन उभा राहिला, बाहेर गाड्या दिसल्या, की हात खिशातल्या तारेकडे जातो. ती सवय गेलेली नाही, फक्त मी आता तिला ओळखतो.

हे लिहायचं खरं कारण मात्र वेगळं आहे. इतक्या वर्षांत मी कुठे कुठे जंपर टाकले, कुणाचे प्रिव्हेंटर काढले, कुठे लहानाच्या जागी मोठा सप्लाय बसवला, याची नोंद मी ठेवलेली नाही. आठवले तिथे गेलो आणि काढून आलो. काहींनी काढू दिलं नाही, आणि बाकीचे मला आठवत नाहीत. किनवट, माहूर, इस्लापूर, हिमायतनगर, भोकर या भागात तुमची जिनिंग, गिरणी किंवा विहिरीवरची मोटार असेल आणि एखाद्या मिस्त्रीने ती झटपट चालू करून दिली असेल, तर मेन बंद करून, जाणत्या माणसाकडून पॅनल एकदा उघडून बघा. पॉवर सप्लायच्या १३ आणि १४ मध्ये तारेचा छोटा तुकडा दिसला, तर तो मी टाकलेला असेल किंवा माझ्याकडून शिकलेल्या कुणी. तो काढा, आणि मग जे काही वाजेल ते का वाजतंय ते शोधायला मला बोलवा. त्याचे पैसे मी घेणार नाही.